पाय तुटलेला यंत्रमानव

२०१२ च्या फेब्रुवारीत सेगा या जपानी कंपनीनं 'बायनरी डोमेन' नावाचा एक गेम बाजारात आणला. आधी प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर, मग एप्रिलमध्ये कॉम्प्युटरवर. नायकाच्या खांद्यामागं कॅमेरा, हातात बंदूक आणि समोर यंत्रमानवांची फौज. समीक्षकांनी तो खेळून पाहिला, बरा आहे म्हटलं, शंभरपैकी सत्तरीच्या घरात गुण दिले. अमेरिकेत तो आला २८ फेब्रुवारीला आणि आठवड्याभरात, ६ मार्चला, 'मास इफेक्ट ३' आला. साऱ्या गेमवाल्या जगाचं लक्ष तिकडं गेलं. 'बायनरी डोमेन' फारसा खपला नाही. त्याचा दुसरा भागही कधी निघाला नाही.

या गेमवर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं मी वाचलं आहे. लिहिणारी माणसं जाणकार होती, गेम शेवटपर्यंत खेळलेली होती, आणि त्यांनी काढलेले दोष बहुतेक खरे आहेत. पण सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत रोबोटवर वेल्डिंग करणाऱ्या एका तरुणानं मला या गेमबद्दल जे सांगितलं, ते त्यातल्या एकाही परीक्षणात माझ्या वाचनात आलं नव्हतं.

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर सिन्नर. देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी इथं होती असं इतिहासकार मानतात. गावाची अलीकडची ओळख विड्यांची. घरोघरी बाया सुपात पानं आणि तंबाखू घेऊन विड्या वळत बसायच्या. तालुक्याच्या पूर्वेकडं पाऊस नेहमीच हात आखडता घेतो, त्यामुळं शेतीवर सगळ्यांचं भागणं कठीण. मग मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आली, माळेगावची एमआयडीसी आली. नाशिकच्या मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग इथल्या लहान-मध्यम शेडमध्ये बनू लागले आणि विडी वळणाऱ्या बाईचा नातू आयटीआयला वेल्डर ट्रेडला जाऊ लागला.

हा तरुण त्यांच्यातलाच. नाव छापू नका म्हणाला, म्हणून छापत नाही. हातानं वेल्डिंग शिकला, दोन-तीन वर्षं टॉर्च धरली, मग कंपनीत रोबोट आल्यावर त्याला त्यावर घातलं. जाळीच्या पिंजऱ्यात सहा सांध्यांचा एक हात उभा असतो, त्याच्या टोकाला वेल्डिंगची टॉर्च. समोर भाग पकडून धरणारं फिक्स्चर. ऑपरेटर त्यात जॉब, म्हणजे जोडायचे भाग, लावतो, क्लॅम्प आवळतो, बाहेर येतो, दार लावतो, बटण दाबतो. हात खाली येतो, काचेच्या गडद पडद्यामागं निळा-पांढरा जाळ दिसतो, ठिणग्या उडतात आणि एकसारखा सांधा पडत जातो. मधल्या वेळात ऑपरेटर आधीच्या जॉबवरचे स्पॅटरचे दाणे छिन्नीनं उडवत बसतो.

नवा जॉब आला की रोबोटला शिकवावं लागतं. त्यासाठी जाड वायरीनं जोडलेला एक पेंडंट असतो. तो हातात घेऊन हा तरुण पिंजऱ्याच्या आत जातो आणि टॉर्चचं टोक हळूहळू सांध्यावर नेत एकेक पॉइंट नोंदवतो. पेंडंटच्या मागं, डाव्या हाताची बोटं येतात तिथं, एक लांबट बटण असतं. सगळे त्याला डेडमॅन म्हणतात. ते अर्धवट दाबून धरलं तरच रोबोट हलतो. सोडलं की थांबतो. आणि गच्च आवळलं तरीही थांबतो. दचकलेला माणूस एक तर हातातलं टाकून देतो, नाही तर मूठ घट्ट करतो; बटण घडवणाऱ्यानं दोन्हींचा विचार केला आहे. त्यानं मला ते दाबून दाखवलं. मधल्या जागेवर बोट ठरवायला सराव लागतो. नवीन पोरं घाबरून आवळतात आणि रोबोट पुन्हा पुन्हा बंद पडतो.

"त्याला राग नसतो सर," तो म्हणाला. "तुम्ही मधी आले काय, नाही आले काय, त्याला तुम्ही दिसतच नाही. म्हणून तर पिंजरा."

नाशिकला घेतलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर तो रात्री गेम खेळतो. 'बायनरी डोमेन' त्यानं सवलतीत, अगदी थोड्या पैशांत घेतला होता, तोही रोबोटचं चित्र दिसलं म्हणून. या गेममधल्या यंत्रमानवांची एक खासियत आहे. गोळी लागली की त्यांच्या अंगावरचं पांढरं चिलखत तुकड्या-तुकड्यानं उडतं, आतला सांगाडा उघडा पडतो. पाय उडवला तर ते कोसळतात आणि हातांनी सरपटत तुमच्याकडं येत राहतात. बंदुकीचा हात उडवला तर दुसऱ्या हातात बंदूक घेतात. डोकं उडालं तर आपला-परका कळेनासा होऊन स्वतःच्याच बाजूच्या यंत्रांवर गोळ्या झाडतात. परीक्षणांमध्ये या गोष्टीचं कौतुक आहेच. नेम धरायला मजा येते, शत्रू फुटताना छान दिसतो, लढाईत डावपेच येतात, असं बहुतेकांनी लिहिलं.

या तरुणाचं म्हणणं वेगळं होतं. "बाकीच्या गेममधी रोबोट म्हणजे पत्रा घातलेला माणूस असतो. ओरडतो, चिडतो, मरताना हात वर करतो. हे तसे नाहीत. पाय गेला तरी येतात ते काय रागानं येत नाहीत. त्यांचा प्रोग्राम अजून संपलेला नाही म्हणून येतात. ज्यानं हे बनवलं ना, त्यानं कुठंतरी उभं राहून रोबोट चालताना पाहिला असंल."

मी म्हटलं, पण तुझ्याकडचा रोबोट असा अर्धा तुटल्यावर चालेल का? तो लगेच म्हणाला, नाही. सहापैकी एका अ‍ॅक्सिसला एरर आला तरी ब्रेक लागतात आणि सगळा हात आहे तिथं थांबतो, अलार्म गेल्याशिवाय जागचा हलत नाही. "आमच्या रोबोटला आधी थांबायचं शिकवलेलं आहे, मग काम करायचं. त्या गेममधल्याला थांबायचं शिकवलंच नाही. भीती त्याची वाटते."

खेळातली भीती कुठून येते, याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. रक्त, किंकाळ्या, अंधार यातली कोणतीच सामग्री न वापरता हा गेम अस्वस्थ करतो, एवढं समीक्षकांनाही जाणवलं होतं. का करतो, ते मात्र डेडमॅन दाबून दिवस काढणाऱ्यानं सांगितलं.

आता समीक्षकांकडं वळू, कारण त्यांचंही ऐकून घेण्यासारखं आहे. 'बायनरी डोमेन' बनवला तोशिहिरो नागोशी आणि त्यांच्या चमूनं. टोकियोच्या गुन्हेगारी जगावरची 'याकुझा' ही मालिका याच लोकांची. तोवर ती जपानबाहेर फार थोड्यांना माहीत होती. पाश्चात्त्य खेळाडूंना रुचेल असा बंदुकांचा गेम करावा, पण त्यात माणसांची गोष्ट असावी, असा या मंडळींचा बेत होता. २०८० चं टोकियो. समुद्र वर आल्यामुळं जुनं शहर पाण्यात, त्याच्या डोक्यावर नवं श्रीमंत शहर. हे नवं शहर यंत्रमानवांच्या श्रमावर उभं राहिलेलं. माणसासारखे हुबेहूब दिसणारे यंत्रमानव बनवायला आंतरराष्ट्रीय करारानं बंदी. तरीही अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये, बर्गन या रोबोट कंपनीच्या मुख्यालयात, एक माणूस धिंगाणा घालतो आणि रागाच्या भरात स्वतःच्या चेहऱ्याची कातडी ओरबाडतो. खाली धातू निघतो. आपण यंत्र आहोत हे त्या क्षणापर्यंत त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. मग हे कोणी बनवलं याचा शोध घ्यायला निरनिराळ्या देशांतल्या सैनिकांची एक तुकडी चोरवाटेनं टोकियोत शिरते. संशय अमादा नावाच्या जपानी कंपनीवर असतो.

समीक्षकांची पहिली तक्रार होती ती आवाजी हुकुमांबद्दल. खेळाडूनं हेडसेट लावून साथीदारांना तोंडी हुकूम द्यायचे, त्यांच्या प्रश्नांना तोंडी उत्तरं द्यायची, अशी सोय होती. ती नीट चालली नाही. बोललेलं एक, गेमनं ऐकलेलं भलतंच. काहींना तर खोलीतला दुसरा आवाजही हुकूम म्हणून घेतला जातोय असा अनुभव आला. टीका योग्य होती, पण ती एवढी रंगवून लिहिली गेली की त्यामागची कल्पना झाकोळली. तुम्ही काय बोलता, लढाईत कसे वागता, चुकून साथीदाराला गोळी घालता का, यावर त्यांचा तुमच्यावरचा विश्वास कमी-जास्त होतो आणि पुढच्या गोष्टीवर त्याचा परिणाम होतो. सिन्नरच्या माझ्या मित्रानं आवाजी हुकूम पहिल्याच रात्री बंद करून टाकले होते. "घरात सगळे झोपलेले, ओरडणार कुठं?" बटणांवर सगळं होतं, त्यामुळं त्याचं काही अडलं नाही, आणि विश्वासाच्या हिशेबात तो चांगलाच रमला.

दुसरी तक्रार पात्रांच्या वरवरच्या ढंगाची. तुकडीतला अमेरिकन धिप्पाड शिपाई इतक्या जोरात आणि इतक्या वेळा ओरडतो की पहिल्या तासाभरातच तो नकोसा होतो. हे खरंच आहे. ऑनलाइन एकमेकांशी खेळायचा भाग बेताचाच होता, नावात आणि वेष्टनावरच्या चित्रात काहीच वेगळेपण नव्हतं, मधेच पाण्यावरच्या वाहनाचा एक प्रसंग घुसडलेला वाटतो. हेही मान्य. पण या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून सत्तरीतला आकडा काढला की त्या आकड्यात काय उरतं? सरपटत येणारं ते यंत्र त्यात किती गुणांचं धरलं?

या आकड्यांची सत्ता तेव्हा भलतीच वाढली होती. मेटाक्रिटिक ही सेवा २००१ मध्ये सुरू झाली. निरनिराळ्या समीक्षकांचे गुण गोळा करायचे, कोणाला जास्त वजन, कोणाला कमी, असं करून एक सरासरी काढायची, एवढंच तिचं काम. पण प्रकाशक कंपन्यांनी ती सरासरी करारात घातली. 'फॉलआउट: न्यू वेगस' हा गेम २०१० मध्ये ऑब्सिडियन या स्टुडिओनं केला होता. त्याला ८५ गुण मिळाले असते तर स्टुडिओला बोनस मिळणार होता, मिळाले ८४. स्टुडिओतल्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ च्या मार्चमध्ये हे जाहीरपणे सांगितलं, म्हणजे 'बायनरी डोमेन' दुकानात धूळ खात होता त्याच दिवसांत. एका गुणासाठी माणसांच्या कष्टाचे पैसे बुडाले, हे वाचून मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो. समीक्षकाचं काम पाहणं आणि सांगणं. त्याच्या लेखणीला पगाराच्या मोजपट्टीचं काम लावलं की तो लिहितानाही घाबरणार आणि वाचणाराही शेवटचा आकडा पाहून पान उलटणार.

यंत्रमानवांच्याच आणखी एका गेमची गोष्ट इथं सांगायला हवी. शिंजी मिकामी या दिग्दर्शकानं २००५ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल ४' करताना कॅमेरा एका जागी खिळवून ठेवण्याची जुनी पद्धत सोडून तो नायकाच्या अगदी खांद्याशी आणला. पुढच्या वर्षी 'गियर्स ऑफ वॉर' आला, त्यात भिंतीआड दबा धरून लढणं मध्यवर्ती झालं. या प्रकारचे गेम आज जसे दिसतात, तसे दिसू लागले ते या दोन गेमपासून. नंतर वर्षानुवर्षं सगळेच भिंतीआड बसू लागले. २०१० मध्ये मिकामींनी प्लॅटिनमगेम्सकडून 'व्हँक्विश' आणला आणि स्वतःच रुजवायला हातभार लावलेली सवय मोडायला निघाले. अंतराळातल्या वसाहतीत रशियन यंत्रांशी लढणारा नायक गुडघ्यांवर रॉकेटच्या जोरानं घसरत जातो. आडोशाला जास्त वेळ बसाल तर कमी गुण. सिगारेट पेटवून फेकली की यंत्रं तिच्या उष्णतेकडं वळतात, तेवढ्यात तुम्ही दुसरीकडून हल्ला करायचा.

समीक्षकांना तो आवडला, ऐंशीच्या पुढं गुण मिळाले. तरी चर्चा कशाची झाली? पाच-सहा तासांत संपतो याची. पूर्ण किमतीच्या गेममध्ये एवढेच तास? 'व्हँक्विश'चा एकेक प्रसंग पुन्हा पुन्हा खेळून अंगात मुरवायचा असतो, त्याची लांबी तासांत मोजून चालत नाही, हे कळायला अनेकांना काही वर्षं लागली. २०१७ मध्ये तो कॉम्प्युटरवर आला तेव्हा त्याचं स्वागत करणाऱ्यांत, पहिल्या वेळी लांबी कमी म्हणून नाक मुरडलेले खेळाडूही होते. 'बायनरी डोमेन'चं नावही आता 'उपेक्षित राहिलेले चांगले गेम' अशा याद्यांत हटकून येतं. नागोशींची 'याकुझा' मालिका जगभर गाजली, त्यामुळं त्यांच्या जुन्या कामाकडं लोक पुन्हा वळले. ही उशिराची दखलही समीक्षाच आहे, आणि मला ती पहिल्या आठवड्याच्या गुणांपेक्षा महत्त्वाची वाटते.

प्रत्येक गेमच्या नशिबी ही दुसरी संधी नसते. ट्रान्सफॉर्मर्सवरचे 'वॉर फॉर सायबरट्रॉन' आणि 'फॉल ऑफ सायबरट्रॉन' हे हाय मून स्टुडिओचे गेम अनुक्रमे २०१० आणि २०१२ चे. दोन्हींचं चांगलं स्वागत झालं होतं. काही वर्षांनी खेळण्यांच्या कंपनीबरोबरचे हक्क संपले आणि दोन्ही डिजिटल दुकानांतून काढून टाकले गेले. पुस्तक छपाईबाह्य झालं तरी सार्वजनिक वाचनालयात सापडतं. हे गेम आज सरळ मार्गानं विकत घ्यायचे तर जुनी डिस्क शोधत फिरावं लागतं. अशा वेळी तो गेम कसा होता, हातात कसा लागत होता, हे सांगणारं तेव्हाचं लिखाण हाच त्याचा मोठा पुरावा.

मग आपल्याकडच्या गेमचा पुरावा कुठं आहे? २०११ मध्ये 'रा.वन' चित्रपटाबरोबर त्याच नावाचा प्लेस्टेशन गेम आला होता. तो केला होता मुंबईच्या ट्राइन गेम्सनं. चित्रपटावर मराठीत रकानेच्या रकाने लिहिले गेले. गेमवर मराठीत लिहिलेलं गंभीर परीक्षण माझ्या पाहण्यात नाही.

सिन्नरमध्ये संध्याकाळी बसस्टँडच्या आसपास किंवा कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहा. शिफ्ट सुटलेली चार पोरं चार फोनवर एकच लढाई खेळत असतात. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली तेव्हा या गावातही ती बातमी घरोघर बोलली गेली. पबजीच्या जागी २०२१ च्या जुलैत बीजीएमआय हा तसाच गेम आला, पुढच्या वर्षी जुलैअखेर तोही दुकानांतून गेला, २०२३ च्या मेअखेरीला परत आला. या सगळ्या काळात मराठी वर्तमानपत्रांतून गेमवर भरपूर छापून आलं. ते होतं व्यसनाबद्दल, डोळ्यांबद्दल, अभ्यासाबद्दल, आई-बापांच्या काळजीबद्दल. ती काळजी खरी आहे आणि तिच्यावर लिहायलाच हवं. पण ज्या गोष्टीत लाखो मराठी मुलांचे तास जातात ती गोष्ट चांगली बनलेली आहे की वाईट, तिची गोष्ट कशी सांगितली आहे, ती खेळणाऱ्याला काय करायला लावते आणि त्याच्याकडून काय काढून घेते, हे कोणी सांगायचं? पैसे काढायलाच बनवलेला गेम आणि मन लावून बनवलेला गेम यातला फरक मुलाला कोण दाखवणार? व्यसनाची भीती घालणाऱ्या लेखानं तो फरक कधीच कळणार नाही.

नव्या प्रकाराला मराठीनं जागा करून दिल्याचं एक उदाहरण आपल्याजवळच आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. बक्षीस जाहीर झाल्यावर कळलं की लेखक जयंत विष्णु नारळीकर आहेत. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली होती. कथा कथा म्हणून जोखली गेली. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. लोककथा आणि लोकसाहित्यात आयुष्य घालवलेल्या विदुषीनं अवकाशातल्या कृष्णविवराच्या कथेकडं आस्थेनं पाहिलं, याचं मला फार अप्रूप आहे. सिनेमाचंही तसंच. अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर पुस्तक लिहिलं आणि पडद्यावरचा प्रकाश, चौकट, गाण्याचं चित्रण कसं पाहायचं ते मराठी वाचकाला शिकवलं. गेमला अजून त्याच्या दुर्गाबाई भेटलेल्या नाहीत, आणि खोपकरही.

समीक्षेनं गेम खरोखर सुधारतो का, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचं उत्तर पुण्यात आहे. नॉडिंग हेड्स गेम्स हा पुण्याचा छोटा स्टुडिओ. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी तो उभा केला. २०१७ मध्ये त्यांनी 'राजी' या गेमसाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. १,२०,००० पौंडांचं लक्ष्य गाठता आलं नाही आणि त्या व्यवस्थेच्या नियमानुसार काहीच हाती आलं नाही. तरी काम चालू राहिलं. ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकी यंत्रांवर. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी; तिच्या धाकट्या भावाला असुर पळवतात आणि ती त्रिशूळ घेऊन त्याच्या मागं निघते. बंदुका नाहीत, कॅमेरा जरा दुरून, पण नायिकेला बाहेरून पाहत लढण्याची जात तीच.

जगभरच्या समीक्षकांनी चित्रकामाची, महालांची, छायाबाहुल्यांसारख्या कथाप्रसंगांची तारीफ केली. आणि मग स्पष्टपणे सांगितलं की लढाई अडखळते, कॅमेरा नको तिथं अडतो, गेम लहान आहे आणि शेवट घाईनं गुंडाळला आहे. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या विभागात 'राजी'ला नामांकन मिळालं, तरी स्टुडिओनं ही टीका कानाआड केली नाही. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाईवर आणि कॅमेऱ्यावर काम केलेलं होतं आणि हिंदी आवाजही दिलेले होते. इतक्या सरळ मार्गानं समीक्षकाचं म्हणणं कलाकृतीत उतरणं नाटक-सिनेमात क्वचित घडतं.

'राजी'बद्दल एक गोष्ट मात्र कोणा परदेशी समीक्षकाला सांगता आली नसती. तिच्यातले महाल आणि झरोके राजस्थानी धाटणीचे आहेत, आणि परदेशी परीक्षणांत त्याला सरसकट 'प्राचीन भारत' म्हटलं गेलं. सिन्नरच्या मुलाला शाळेच्या सहलीपासून गोंदेश्वर माहीत असतो: उंच जोत्यावर मधलं मोठं शिवमंदिर, चार कोपऱ्यांना विष्णू, गणेश, पार्वती आणि सूर्य यांची लहान देवळं, समोर नंदीचा मंडप, आणि शिखरावर खालून वर लहान लहान होत जाणाऱ्या शिखरांच्या रांगा. भूमिज शैली म्हणतात ती. काळ्या दगडावर ऊन फिरतं तसं त्या कोरीव रांगांचं रूप बदलत जातं. हे अंगवळणी पडलेला खेळाडू 'राजी' पाहताना म्हणू शकतो की दगडाचं वजन इथं उतरलंय आणि इथं उतरलेलं नाही. आमच्या वेल्डरनं 'राजी'चे व्हिडिओ पाहिले होते. त्याला भिंतींवरची चित्रं आवडली. देवळांच्या पायऱ्या त्याला फार सारख्या वाटल्या. "आपल्या इथं एक पायरी दुसरीसारखी नसती, सर."

पुण्यातच सुपरगेमिंगनं 'इंडस' हा मोबाइलवरचा लढाईचा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला. भारतीय पुराणं आणि भविष्यकाळ यांची सांगड घालणारं जग त्यात आहे. येण्याआधीच एक कोटीहून जास्त लोकांनी नोंदणी केली होती. २०२५ मध्ये राज्य सरकारनं अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. म्हणजे इथं गेम बनतील, पैसा येईल, नोकऱ्याही येतील. बनवणाऱ्यांच्या शिक्षणाचा विचार होतो आहे याचा आनंद आहे. पाहणाऱ्या नजरेचं शिक्षण कुठल्या धोरणात बसणार, ते मात्र सरकारवर सोडून चालणार नाही. ते दिवाळी अंकांचं, पुरवण्यांच्या संपादकांचं आणि लिहू शकणाऱ्या खेळाडूंचं काम आहे.

वेल्डर मित्राशी माझा एका मुद्द्यावर वाद आहे. डेट्रॉइटमधला तो चेहरा ओरबाडणारा माणूस त्याला पटत नाही. "ते सिनेमावानी झालं," तो म्हणतो. आपण यंत्र आहोत हे यंत्राला कळत नाही, यात त्याला नवल वाटत नाही. त्याचा रोबोट तरी कुठं काय जाणतो? मला मात्र तो प्रसंग त्या गेमचा कणा वाटतो. आयुष्यभर स्वतःला माणूस समजलेल्यानं एका क्षणात परकं होणं, आणि मग त्याच्यासारख्यांना शोधून मारायला निघालेल्या तुकडीत आपण असणं. गेम तुम्हाला बंदूक देतो आणि पुढच्या काही तासांत ती कोणावर रोखायची याबद्दल शंका घ्यायला लावतो. तो म्हणाला, शंका मला केननं घ्यायला लावली. केन हा तुकडीतला फ्रेंच यंत्रमानव, गळ्यात स्कार्फ घालणारा, अदबीनं बोलणारा. "सगळी माणसं आरडाओरड करतात आणि हा एकटा शांत. पण त्याला चुकून गोळी लागली तर त्याचाबी विश्वास कमी होतो. मला ते बरोबर वाटलं. मशीनवर तुम्ही कसंबी काम करून चालत नाही."

मी त्याला हे सगळं लिहून काढ म्हटलं. आधी तो लाजला, मग फोनवरच मराठीत टाइप करायला लागला. मला त्यानं पाठवलेल्या पानांत पहिला परिच्छेद डेडमॅन बटणावर आहे, दुसरा सरपटणाऱ्या यंत्रावर. पुढं त्यानं मोठ्या यंत्रांशी होणाऱ्या लढायांवर कडक टीका केली आहे: एवढं मोठं मशीन, आणि त्याचा सांधा कुठं कमजोर आहे हे खेळणाऱ्याला बघून ओळखता येत नसेल तर नुसत्या गोळ्या झाडण्यात कसब काय, असं त्याचं म्हणणं आहे. कोणत्याही संपादकानं हा परिच्छेद जसाच्या तसा छापावा. गुण किती देणार, असं मी विचारलं तर त्यानं ते नाकारलं. शेवटच्या दोन प्रकरणांवर त्यानं अजून काही लिहिलेलं नाही. साथीदारांचा विश्वास किती राखला यावर कोण टिकतं आणि कोण नाही ते ठरतं, हे त्याच्या लक्षात आलं आहे. त्यामुळं गेम त्यानं परत पहिल्यापासून लावला आहे, आणि या खेपेला केनला एकही चुकीची गोळी लागू द्यायची नाही असं ठरवलं आहे.